मुद्दाम आजारी पाडलेला भात

धानाच्या गिरणीचा मालक सुट्टी काढून फिरायला जातो तेव्हा काय बघतो? धानच बघतो. आमच्या घरात यावरून बरंच हसून झालं. "जिंदगीभर कोंड्यात बसले, आता महाराष्ट्राच्या पार त्या टोकाला जाऊन पुन्हा धानच पाहा," असं बायको म्हणाली आणि स्वतः यायला साफ नाही म्हणाली. मी मात्र निघालो. प्रणालीनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या लेकीनं, फोनवर सांगितलं होतं, "मामा, या हंगामात या. पुढच्या वर्षी दाखवायला काही उरेल की नाही, सांगता येत नाही."

प्रणाली भाताचे नवे वाण तयार करते. कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याकडे घनसाळ नावाचा सुगंधी तांदूळ पिकतो. त्या घनसाळला करपा लागतो. आधी पानावर ठिपके पडतात, मग ते वाढून पान जळाल्यासारखं होतं, आणि लोंबी यायच्या वेळी पुन्हा हल्ला झाला तर लोंबीची मानच मोडते. आमच्या भंडाऱ्यातही हा पाहुणा दर दोन-चार वर्षांनी हजेरी लावतो, त्यामुळे त्याची ओळख मला कुणी करून द्यायची गरज नव्हती. प्रणाली गेली कित्येक वर्षं असा घनसाळ घडवत होती, जो वासाला घनसाळच राहील पण करप्याला दाद देणार नाही.

रिकाम्या हातानं भाचीकडे कसं जायचं? म्हणून आमचा चिन्नोर घेतला. तोही सुगंधी, आमच्या भागाची शान. गिरणीत स्वतः उभं राहून पॉलिश केला, कणी निवडून काढली आणि कापडी पिशवीत शिवून घेतला.

कोल्हापूर

गोंदियाहून कोल्हापूरला थेट गाडी आहे. त्या गाडीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर तुम्ही कधीच जाणार नाही. हातकणंगले गेलं तेव्हा डोळे उघडले आणि खिडकीतून जिकडे बघावं तिकडे ऊस. माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांना मी विचारलं, "इकडे धान कुठे दिसत नाही?" ते म्हणाले, "धान म्हंजे भात व्हय? भात बगायचा तर वर जावा, पावणं. डोंगराकडं. हितं सगळा साखरेचा कारभार."

ही गंमत पहिल्याच दिवशी ध्यानात आली. आमच्याकडे शेतात उभं असतं ते धान, गिरणीतून निघतो तो तांदूळ, आणि चुलीवरून उतरतो तो भात. इकडे शेतातही भात, ताटातही भात. रोपांना आम्ही परे म्हणतो, हे तरवा म्हणतात. आमची रोवणी, यांची रोपलावण. दोन दिवस मी बोलायचो आणि प्रणाली दुभाष्याचं काम करायची.

स्टेशनवर ती जीप घेऊन आली होती. उन्हानं काळवंडलेली, पायात चिखल वाळलेले बूट. वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "चला मामा, भूक लागली असंल. मी बी काय खाल्लो न्हाय."

"खाल्लो?" मी म्हटलं. "पोरगी आहेस ना गं तू?"

ती खो-खो हसली. इकडे बायकाही मी आलो, मी गेलो, मी खाल्लो असंच बोलतात, आणि इतकी वर्षं राहून तिच्याही तोंडात ते बसलंय. तिच्या आईला हे कळलं तर काय म्हणेल, या विचारानं मला मिसळ खाताना दोनदा ठसका लागला. अर्थात मिसळीचाही त्यात हात होताच. आमच्या सावजी रश्श्याचा तिखटपणा मिरवतो मी, पण इथे मुकाट्यानं दही मागवून घेतलं.

जेवण झाल्यावर मी मोठ्या थाटात चिन्नोरची पिशवी तिच्या हातात दिली. तिनं शिवण उसवली, मूठभर तांदूळ नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "काय वास आहे मामा! पण हा मी पेरू कसा?"

"पेरायला कुठे दिलाय? खायला दिलाय."

"तुम्ही भाताचे वाण तयार करणाऱ्या पोरीकडे येताय, आणि साल काढून आणलंत!" ती म्हणाली. "हा आता उगवणार आहे का?"

बाप्पा! इतक्या वर्षांचा गिरणीवाला, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. आमच्या दृष्टीनं साल निघालं की माल तयार. तिच्या दृष्टीनं साल निघालं की विषय संपला.

सातापा आण्णांच्या घरी

निपाणीवरून उत्तूर आणि पुढे आजऱ्याकडे निघालो तसा ऊस विरळ होत गेला. डोंगर जवळ आले, उतारावर पायऱ्या पायऱ्यांची खाचरं दिसायला लागली, आणि त्यांत भात. नुकत्या लोंब्या बाहेर पडत होत्या. जीपची काच खाली केली तर हवेतच वास. मी प्रणालीला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो.

आमचा मुक्काम एका छोट्या गावात, सातापा आण्णांच्या घरी होता. हे तिथले शेतकरी, आणि प्रणालीची चाचणीची जमीन त्यांच्याच खाचराला लागून. त्यांचं गाव घळीत आहे, सकाळी उशिरापर्यंत धुकं हलत नाही. माणसाला हे छान वाटतं. करप्याला त्याहून छान वाटतं, म्हणूनच तिनं ही जागा निवडली होती.

"या या पावणं! कवा निघालासा? बसा की!" आण्णा अंगणातून ओरडले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, तरी ओरडले. इथे प्रेमानं बोलतानाही आवाज चढवूनच बोलतात, हे मला कळेपर्यंत मी थोडा दबूनच होतो.

रात्रीच्या जेवणाला त्यांच्या घरच्या इंदूकाकींनी मुद्दाम दोन पातेल्यांत दोन भात शिजवले होते. एकात त्यांचा जुना घनसाळ, दुसऱ्यात प्रणालीच्या नव्या वाणाचा गेल्या वर्षीचा तांदूळ. कुठलं कशात, ते फक्त काकींना ठाऊक. मी भाताची वाट बघत बसलो तर पुढ्यात आल्या भाकऱ्या. भाकरी, खर्डा, मुगाची आमटी, पुन्हा भाकरी. आमच्याकडे ताट वाढलं की भात आधी. इथे पोट भरल्यावर शेवटी भात येतो. "काकी, मला तिसरी भाकरी नको, मी भातासाठी आलोय," असं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "मग भाकरीबिगर भात कुटं बसनार पोटात? खावा गप."

शेवटी दोन्ही भात आले. घरातले सगळे चाखायला बसले. वरण नाही, तूप नाही, नुसता भात. मी दोन्ही घास घोळवले. एक जरा जास्त मऊ लागला, वास दोन्हींना होता. मी डाव्या बाजूचा जुना म्हणालो, आण्णा उजव्या बाजूचा म्हणाले. काकी आधी दोघांकडे बघत राहिल्या, मग तोंडाला पदर लावून हसल्या. "आण्णा चुकलं. पावणं बरोबर. खरं मीच सकाळी चाखताना घोटाळलो व्हतो, तुमास्नी काय बोलू?"

प्रणालीनं माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. जेवणाच्या परीक्षेत तिचा भात पास झाला होता. आण्णा मात्र गंभीर झाले.

"मॅडम, वास हाय, चव हाय, सगळं मान्य. खरं ह्यो खाचरात टिकाय पायजे. सलग तीन वर्सं माझी लोंबी मान टाकत्या. औंदा तुमचं टिकलं तर ठीक, न्हायतर पुढच्या सालाला पाण्याची सोय करून मी बी ऊस लावनार. आता किती दिवस वासावर जगायचं?"

मला नंतर प्रणालीनं सांगितलं की तिचंही सगळं या एका हंगामावरच होतं. वरिष्ठ मंडळी आठवड्याभरात करप्याची चाचणी बघायला येणार होती. त्यात वाण टिकला तर तो शेतकऱ्यांच्या खाचरांत पाठवायची परवानगी मिळणार. नाही टिकला, किंवा चाचणीच नीट झाली नाही, तर हे काम बंद करून तिला दुसऱ्या पिकावर टाकणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

रोगाचा वाफा

सकाळी धुक्यात आम्ही खाचराकडे गेलो. आण्णांचा भात कमरेएवढा उभा, आणि त्याच्या शेजारी एक लहानसा वाफा, उशिरा पेरलेला, त्यात हातभर उंचीची रोपं. निम्म्याहून अधिक रोपं पिवळी, तपकिरी, जळाल्यासारखी. पानापानावर दोन टोकांना निमुळते, मधे राखाडी ठिपके.

"अगं, हे काय झालं!"

"छान झालंय ना?" प्रणाली म्हणाली.

मग तिनं मला समजावलं. या वाफ्यात रोग मुद्दाम पाळायचा असतो. कडेनं करप्याला चटकन बळी पडणारं भात पेरायचं, युरिया जास्त द्यायचा, जुन्या आजारी पानांचे तुकडे करून वर पसरायचे, दिवसातून अनेकदा पाण्याचा फवारा मारायचा आणि संध्याकाळी वर प्लास्टिक टाकून ओल धरून ठेवायची. मधल्या ओळींत वेगवेगळे वाण. रोग सगळ्यांना सारखा मिळाला पाहिजे. जो एवढ्या आगीतून हिरवा निघेल, तोच खरा. ओळींच्या टोकांना खुंट्या होत्या आणि त्यांवर नुसते आकडे, म्हणजे बघणाऱ्याचा कल एखाद्या नावाकडे झुकायला नको. एकेक वाण वाफ्यात विखरून चार-पाच ठिकाणी पेरलेला.

"पण तुझा कुठला? सांग की मला तरी."

"आठवडा थांबा. कडेचं सगळं भात मरू दे, मगच निकाल. आत्ता सांगितलं तर तुम्ही त्याच्याकडेच बघत बसाल."

त्या सकाळी तिनं मला भाताचं लग्नही दाखवलं. भाताच्या फुलात नर-मादी एकाच घरात राहतात, म्हणून आधी संध्याकाळी बारीक कात्रीनं फुलाचा शेंडा कापून आतले सहा पुंकेसर चिमट्यानं काढून घ्यायचे आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की दुसऱ्या वाणाची उमललेली लोंबी आणून पिशवीत हलवायची. "करप्याला न बधणारा बाप आणला," ती म्हणाली, "पण त्याला वास नाही. मग त्यांच्या पोराचं लग्न पुन्हा घनसाळशीच, त्यांच्या पोराचं पुन्हा घनसाळशी. जावई बाहेरचा, पण नातवंडं घरच्या वळणाची पाहिजेत."

मलाही एक फूल करायला दिलं. चष्मा पुसला, श्वास धरला, चिमटा घातला आणि पुंकेसरांबरोबर आतलं सगळंच उपटून हातात आलं. "मामा, तुम्ही गिरणीच चालवा," भाची म्हणाली.

गडहिंग्लजला गेलो तो दिवस

पाखरांसाठी जाळी आणायला आम्ही तिघं, प्रणाली, आण्णा आणि मी, गडहिंग्लजच्या बाजाराला गेलो. मी तिथल्या जवारी मिरचीच्या ढिगांपाशी रमलो आणि आण्णांनी मला हाताला धरून ओढून जीपमध्ये बसवलं. परत आलो तेव्हा ऊन कललं होतं. अंगणात शेजारचा मारुती चहा पीत बसलेला. चाळिशीचा गडी, अंगावर औषधाचा वास, कडेला पाठीवरचा पंप धुऊन उपडा ठेवलेला.

इकडे पैरा नावाची रीत आहे. तू माझ्या शेतात एक दिवस राबलास की मी तुझ्या शेतात एक दिवस राबायचं. मजुरीचा विषयच नाही. आमच्याकडेही पूर्वी असायचं, आता बरंच कमी झालंय. रोपलावणीला आण्णा मारुतीकडे गेले होते आणि तो दिवस फेडायचा राहिला होता.

"आण्णा, तुमचा पैरा आज फेडला बगा!" मारुती खुशीत म्हणाला. "खाचराकडं गेलतो. म्हटलं तुमी बाजारला, आणि हितं भात मराय लागलाय. कुणाचंबी लक्ष न्हाय! घरचं औषध हुतं करप्याचं. मारून टाकलं. आता काय काळजी करू नका."

आण्णांच्या हातातली जाळी खाली पडली. "मारुत्या! कुठल्या वाफ्यात मारलंस?"

"त्यो मॅडमचा न्हाय काय? आजारी."

मी प्रणालीकडे बघितलं. ती पायरीवर बसली. चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू म्हणाली, "दादा, तो वाफा मी आजारी पाडला होता."

मारुतीला काही कळेना. "आजारी पाडला? भाताला? आन ते का म्हनून?" आण्णांनी त्याला समजावलं, म्हणजे ओरडले, आणि जसजसं त्याच्या ध्यानात येत गेलं तसतसा तो गडी खाली बघायला लागला. कप तसाच हातात. शेवटी म्हणाला, "मला वाटलं, चांगलं करतोय." मला त्याचीही दया आली आणि माझ्या पोरीचीही. आता तिथे जे हिरवं राहील, ते स्वतःच्या बळावर राहिलं की औषधाच्या, हे कोण सांगणार? तिची सगळी मेहनत एका दुपारच्या भलेपणानं पुसली होती. आमच्या गावात कुणाचं पीक मरताना दिसलं तर लोक दोन बांध्या, म्हणजे दोन खाचरं, चुकवून जातात, आणि इथे या माणसानं स्वतःचं औषध वापरलं होतं. रागवायचं तरी कुणावर?

काकींनी त्या दिवशी भाकरी कुणाला आग्रह करून वाढली नाही.

सोडलेल्या ओळी

सकाळी प्रणाली उठली ती कामाला लागल्यासारखीच. मारुतीला बोलावून घेतलं. "दादा, वाफ्यातला एखादा कोपरा सुटलाय का? कुठं मारलं, कुठं न्हाय, तेवढं दाखवा."

मारुती बिचारा अनवाणीच वाफ्यात उतरला. पानांवर औषधाची पांढरट भुकटी वाळली होती, त्यामुळे खोटं बोलायला जागा नव्हती, आणि तो बोलणाराही नव्हता. "ह्या कडंला सगळं मारलं. ह्या ओळीत मारलं. ही सोडली. ह्या दोन मारल्या. ही सोडली..."

"ह्या का सोडल्या?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा आहे. "पावणं, त्या हिरव्यागार हुत्या की! चांगल्या भाताला औषध मारून फुकट घालवायचं व्हय?"

प्रणाली एका सोडलेल्या ओळीच्या टोकाशी वाकली. खुंटीवरचा आकडा बघितला. पुढच्या सोडलेल्या ओळीकडे गेली, तिथला बघितला. मग पार त्या टोकाला, चिखलात घोट्यापर्यंत जात. तिचा चालण्याचा वेग वाढत गेला. परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"मामा, यांनी सोडलेल्या सगळ्या ओळी दोनच आकड्यांच्या आहेत. एक तो करप्याला न बधणारा बाप. आणि दुसरा माझा."

मी तिथेच बांधावर बसलो. आण्णा ओरडले, "म्हंजे टिकलं म्हना की!"

"कागदावर नाही टिकलं, आण्णा. शेजारच्या ओळींचं औषध उडून यांच्यावरही पडलं असणार. हा वाफा आता बाद. पुन्हा पेरावा लागेल." पण तिचा आवाज कालचा नव्हता. तिनं तिथूनच वरिष्ठांना फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. मग परवानगी मिळाली. थंडी जोरात पडायच्या आत वाफा पुन्हा तयार करायचा, आणि वरिष्ठ तो बघायला येणार.

बी घरातच होतं. मारुती कुणी सांगायची वाट न बघता कुदळ घेऊन आला. "पैरा उलटा लागला माझा," म्हणाला, "आता ह्यो फेडतो." त्यानं घळीतल्या सगळ्यात ओल्या जागी नवा वाफा खणला. प्रणालीनं ओळी आखून बी टाकलं, आणि औषध न लागलेल्या आण्णांच्या खाचरातली आजारी पानं कापली ती मी. जन्मात कधी रोग वाटला नव्हता, तो हातानं पसरला आणि वर पाणीही शिंपडलं. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. निघताना बघतो तर मारुतीनं पत्र्यावर रंगानं लिहून वाफ्याशी पाटी रोवली होती: "ह्यो भात मुद्दाम आजारी पाडला हाय. कुणीबी दया करू नये."

परत भंडाऱ्यात

घरी आलो, धान कापणी सुरू झाली आणि मी पुन्हा कोंड्यात गेलो. पण रोज संध्याकाळी फोन वाजला की हात पटकन जायचा. बायको म्हणायची, "काय, लेकरू दवाखान्यात असल्यावानी करून राह्यले."

एक दिवस फोटो आला. वाफ्याच्या चारी कडा जळून तपकिरी, मधल्या बहुतेक ओळी आडव्या, आणि त्यांत इथे तिथे उभ्या, हिरव्या ओळी. खाली प्रणालीनं लिहिलं होतं, पानावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आहेत, पुढे वाढत नाहीत. साहेब येऊन गेले. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांच्या खाचरांत. फोटोच्या कडेला मारुती, हात मागे बांधून, पंपाला हात लावला नाही हे दाखवायला असेल. आण्णांनी उसाची गोष्ट सध्या बंद केलीय, आणि पहिलं बी कुणाला यावरून त्यांच्यात नि मारुतीत भांडण लागलंय.

मी फोन केला तर ती म्हणाली, "मामा, त्या करप्याला न बधणाऱ्या बापाच्या लोंब्या राखून ठेवल्यात. आता तुमच्या चिन्नोरसाठी स्थळ बघू या का?"

"पाठवतो," मी म्हटलं.

गिरणीत गेलो. चिन्नोरचं पोतं साल काढणाऱ्या हलरच्या तोंडाशी आणून ठेवलेलं, गडी ओतायच्या तयारीत. "थांब, हे पोतं नाही घालायचं," मी म्हटलं. त्यानं विचारलं, "काहून जी? खराब आहे का?" मी पोत्यात हात घालून मूठभर धान काढलं, साल असलेलं, खरबरीत, आणि पिशवीत भरायला लागलो.

"नाही रे," मी म्हटलं. "हे उगवायचं आहे."